निर्णयाचा धनी मलिक अंबर

हरसूलहून पश्चिमेकडे निघाले की फार दूर न जाता गुजरातची सरहद्द लागते, आणि पूर्वेकडे निघाले तर डोंगर ओलांडून त्र्यंबक व नाशिक. भात-नागलीचा, मुसळधार पावसाचा आणि चढउतारांचा हा मुलूख. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव क्वचितच येते. परंतु इ. स. १६१२ मध्ये, जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, गुजरातेतून निघालेली एक बलाढ्य मोगल फौज ह्याच नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने दक्षिणेत शिरली होती. दौलताबाद घेण्याचा तिचा मनसुबा होता. ती दौलताबादच्या जवळ पोहोचलीही; पण तेथून माघारी फिरली आणि मार खात बागलाणमार्गे गुजरातेत परतली. तिला परतविणारा माणूस एकेकाळी बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर.

अंबरच्या पराक्रमाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या लेखात तलवारीपेक्षा त्याच्या डोक्याचा विचार करावयाचा आहे. शाळा असो, सोसायटी असो, ग्रामपंचायत असो की दुकान असो, चार माणसांचा कारभार ज्याच्या हाती येतो त्याला रोज काही ना काही ठरवावे लागते. आपल्याकडे बहुधा आधी ठराव होतो आणि मग हिशेब पाहिला जातो. अंबर आधी हिशेब पाहत असे. ज्या दोन-तीन वेळा त्याने तो पाहिला नाही त्या वेळी त्याला जबर किंमत मोजावी लागली, हेही ह्या चरित्रात दिसते, आणि म्हणूनच ते विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे वाटते.

अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. घरचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापारात सापडला आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे विकला जात अरबस्तानमार्गे बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने ह्या मुलाची हुशारी ओळखली, त्याला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. गुलामाला शिक्षण देणे म्हणजे त्याची किंमत वाढविणे, असाही हिशेब त्यामागे असेल. पण शिक्षण कोणत्याही हेतूने मिळाले तरी ते शिकणाऱ्याचेच होते. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दक्षिणेत आला आणि अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाहीचा पेशवा चंगीजखान ह्याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतः हबशी होता आणि गुलामीतूनच वर आलेला होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते.

राज्यकारभार कसा चालतो आणि कसा बिघडतो हे अंबरने ह्या धन्याच्या घरात पाहिले. चंगीजखानाला स्वतंत्र राज्य स्थापावयाचे आहे, असे मुर्तजा निजामशहाचे कान भरण्यात आले. शहाने शहानिशा केली नाही. इ. स. १५७४-७५ च्या सुमारास चंगीजखानाला विष देण्यात आले आणि निजामशाहीने आपला सर्वांत कर्तबगार कारभारी स्वतःच्या हाताने गमावला. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. परंतु मोकळा झालेला गुलाम म्हणजे बिनआधाराचा शिपाई. पुढची वीस वर्षे त्याने साधी चाकरी केली, काही काळ विजापूरकरांकडे काढला. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली असे सांगतात. इ. स. १५९५ मध्ये तो दीडशेच्या आसपास स्वारांसह पुन्हा निजामशाहीत आला, तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीसच्या घरात होते. ज्या वयात माणसे आपले आता काय व्हायचे राहिले, असे म्हणू लागतात त्या वयात ह्या माणसाची खरी कारकीर्द सुरू झाली.

निजामशाहीची तेव्हा दुर्दशा होती. दरबारात तट पडले होते, प्रत्येक तटाचा वेगळा वारस होता आणि दाराशी अकबराचे सैन्य उभे होते. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला. पण इ. स. १६०० मध्ये दुसरा वेढा पडला, तेव्हा ती शत्रूला मिळाली आहे अशी आवई उठली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. लवकरच किल्ला पडला. खात्री न करता केलेल्या कृतीने राज्याचा घात होण्याचा हा दुसरा प्रसंग अंबरच्या डोळ्यांसमोर घडला.

राजधानी गेली, राजा कैद झाला. कित्येक सरदार मोगलांकडे गेले. अंबरपुढेही तो मार्ग मोकळा होता. त्याने आपल्याजवळ काय आहे ते मोजले: काही हजार स्वार, डोंगरी मुलखाची माहिती, आणि निजामशाहीच्या नावाविषयी लोकांच्या मनात शिल्लक असलेला आदर. आपण हबशी आहोत, परके आहोत, आपल्या नावाने ह्या देशातील देशमुख-सरदार गोळा होणार नाहीत, हे त्याने स्वतःशी कबूल केले. स्वतःविषयीचे असे सत्य पुढाऱ्याला सहसा पचत नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एक राजपुत्र शोधला, त्याला परिंड्यास मुर्तजा निजामशहा (दुसरा) म्हणून गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः कारभारी झाला.

तरीही पहिला मोठा सामना त्याने चुकीचाच खेळला. इ. स. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळ तो मोगलांशी उघड्या मैदानात भिडला. समोर खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा इरज होता. (ज्यांचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात वाचतात ते रहीम म्हणजेच हे खानखानान.) अंबर हरला, जखमी होऊन पडला आणि त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले म्हणून वाचला. बरा झाल्यावर सूड म्हणून तो पुन्हा चालून गेला नाही. पाठीशी राजू दखनी नावाचा निजामशाहीचाच दुसरा बलिष्ठ सरदार होता, आणि दौलताबादपासून गुजरातच्या सरहद्दीपर्यंतचा मुलूख त्याच्या ताब्यात होता. म्हणजे आपला हा नाशिकचा टापूही त्यातच आला. दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढण्याइतके बळ आपल्यापाशी नाही, हे ओळखून अंबरने खानखानानाची भेट घेतली, हद्दी ठरवून तह केला आणि आधी घरातला तंटा मिटविण्याकडे वळला. १६०७ च्या सुमारास राजू त्याच्या हाती आला आणि निजामशाही पुन्हा एका हाताखाली आली.

नांदेडच्या पराभवाचा अंबरने फार बारकाईने विचार केलेला दिसतो, कारण पुढची दहा वर्षे तो तसा लढला नाही. मोगलांचे बळ कशात आहे? जड घोडदळात, तोफखान्यात, सपाट रानात. त्यांची अडचण कशात आहे? एवढ्या जनावरांना दाणावैरण लागते, ती बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून दुरून येते, आणि घाटात तोफ ओढता येत नाही. मग त्यांच्या बळाशी लढावे कशाला, त्यांच्या अडचणीशी लढावे, असा हा निष्कर्ष होता. त्याला लागणारी माणसे ह्याच मातीत होती. हलक्या घोड्यावर, चार दिवसांची भाकरी बांधून, रातोरात मजल मारणारे मराठे स्वार (फारसी लेखक त्यांना बारगीर म्हणत) त्याने मोठ्या संख्येने चाकरीस ठेवले. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच ह्याने त्या काळी अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दखनी असल्याचे नोंदले आहे. भोसले, जाधव ही घराणी निजामशाहीच्या चाकरीत मोठी झाली. ह्या लढण्याच्या रीतीला पुढे गनिमी कावा म्हटले गेले.

आता १६१२ च्या त्या स्वारीकडे येऊ. हा प्रसंग दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखा आहे, कारण मोगलांची योजना मुळात उत्तम होती. एक फौज गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान ह्याने नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने आणावी, दुसरी वऱ्हाड-खानदेशकडून राजा मानसिंग, खानजहान लोदी वगैरेंनी आणावी. दोघांनी एकमेकांची खबर ठेवीत चालावे आणि एकाच वेळी दोन्हीकडून अंबरला दाबावे. अब्दुल्लाखान उतावळा आहे हे जहांगीरला ठाऊक होते. त्याने घाई करू नये म्हणून बादशहाने राजा रामदास कछवाहा ह्या जाणत्या सरदाराला मुद्दाम त्याच्याबरोबर दिले होते. योजना होती, पैसा होता, आवरणारा माणूसही होता.

एवढे असून अब्दुल्लाखानाने दुसऱ्या फौजेची वाट पाहिली नाही. विजयाचे श्रेय एकट्याला मिळावे ही त्याची इच्छा होती. दहा हजारांच्या आसपास सुसज्ज घोडदळ घेऊन घाट ओलांडून तो थेट दौलताबादच्या रोखाने निघाला.

अंबरने ह्या वेळी काय केले नाही, ते आधी पाहावे. तो घाटात अडवावयास गेला नाही आणि मैदानात सामन्यासही उभा राहिला नाही. दोन फौजांपैकी कोणती आधी पोहोचेल आणि दोघींत अंतर किती पडले आहे, एवढ्यावर त्याचे लक्ष होते. अब्दुल्लाखान पुढे येईल तसतसे त्याचे हलके स्वार त्या फौजेच्या चहूबाजूंनी फिरू लागले. दिवसा मागे राहिलेली माणसे-जनावरे तोडावीत, रात्री छावणीवर बाण सोडावेत (बाण म्हणजे त्या काळचे दारूचे अग्निबाण), वैरणीस गेलेल्यांना परतू देऊ नये, असे रोज चालले. फौज दौलताबादला जितकी जवळ आली तितकी ती थकत गेली आणि अंबरची जमवाजमव वाढत गेली. शेवटी समोर भरपूर सैन्य, मागे कापलेली वाट आणि दुसऱ्या मोगल फौजेचा पत्ता नाही, अशा स्थितीत अब्दुल्लाखानाने परत फिरण्याचे ठरविले. परतीच्या वाटेवर त्याचे अधिक नुकसान झाले. अली मर्दानखान हा नामांकित सरदार जखमी होऊन कैद झाला आणि त्या जखमांनीच वारला. बागलाणच्या राजाची हद्द लागल्यावर अंबरचे स्वार थांबले, आणखी पुढे गेले नाहीत. वऱ्हाडकडून येणाऱ्या दुसऱ्या फौजेला ही बातमी कळताच ती न लढताच मागे वळली. सेनापतींची घाई आणि आपसांतील बेबनाव ह्यामुळे काम बिघडले, असे खुद्द जहांगीरनेच आपल्या आठवणींत मान्य केले आहे.

बागलाणच्या हद्दीवर थांबण्याचा निर्णय मला ह्या सर्व मोहिमेत विशेष वाटतो. पळणाऱ्या शत्रूमागे घोडा फेकण्याचा मोह मोठा असतो. पण बागलाणात शिरून आणखी एक वैरी जोडण्याचे त्याला कारण नव्हते. त्याचे काम झाले होते.

लढाया कितीही जिंकल्या तरी फौजेचा पगार शेतातूनच निघतो, हे अंबर जाणून होता. त्याच्या आधी महसुलाची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून मनाला येईल तेवढी काढी. अंबरने मक्ता बंद केला, जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली आणि प्रत्यक्ष पिकावर सरकारचा हिस्सा ठरविला. ग्रँट डफने दिलेल्या माहितीप्रमाणे तो आधी धान्यात सुमारे दोन पंचमांश होता, पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांश झाला. गावचा कारभार गावच्या वतनदारांकडे ठेवला. मोगलांच्या स्वाऱ्या दर दोन-चार वर्षांनी होत असताना शेतकरी गाव सोडून गेला नाही तरच राज्य टिकेल, हा त्यामागचा विचार. ही पद्धत मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाऊ लागली. इ. स. १६१७ मध्ये त्याच्या छावणीत जाऊन आलेल्या पीटर व्हान डेन ब्रोके ह्या डच व्यापाऱ्यानेही त्याच्या मुलखातील सुव्यवस्थेची वाखाणणी केली आहे.

१६१० मध्ये त्याने दौलताबादजवळ खडकी हे नवे शहर वसविले. पुढे त्याचेच औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. तेथील मालपुरा, खेलपुरा ह्या वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी ह्या भोसले मंडळींवरून पडली असे सांगतात. पण नदीकाठ नसलेल्यासारख्याच त्या खडकाळ जागी पाणी कोठून आणावयाचे? शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. गंमत अशी की त्या बाजूच्या गावाचे नावही आपल्या गावासारखेच, हर्सूल. त्या डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नळातून, केवळ उताराच्या जोरावर, ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास ठेवून त्याने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. ह्या बेताची दरबारात थट्टाही झाली असे म्हणतात. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावे: पाणचक्कीचे पाणी ते हे नव्हे. तो नळ पुढे अठराव्या शतकात झाला.

इतका सावध माणूस इ. स. १६१६ मध्ये पुन्हा चुकला. त्याचे काही सरदार फुटून मोगलांकडे गेले होते. घरची कुमक गेली, त्याबरोबर घरची माहितीही शत्रूकडे गेली. ह्या वेळी विजापूर व गोवळकोंड्याची मदत आपल्या पाठीशी आहे, ह्या भरवशावर अंबर जालन्याजवळ रोषणगाव येथे मोगलांपुढे उघड्या रानात उभा राहिला. समोर इरजच होता. आता त्याला शाहनवाजखान किताब मिळाला होता. नांदेडला झाले तेच येथे झाले. मोगलांनी खडकीत शिरून सहा वर्षांचे ते नवे शहर जाळले. पुढच्याच वर्षी शहाजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, दक्षिणेत आला आणि अहमदनगरचा किल्ला व बालाघाट परत देऊन अंबरला तह करावा लागला. त्याने शहर पुन्हा उभे केले, फौज पुन्हा बांधली. तेव्हा तो सत्तरीच्या जवळ होता.

१६२४ साली तर विजापूरही मोगलांना मिळाले आणि अंबर एकटा पडला. आधी त्याने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी बोलणे करून एक बाजू निर्धास्त केली. मग दोन्ही शत्रूंना नगरजवळ भातवडीच्या परिसरात येऊ दिले. पावसाळ्याने रान आधीच चिखलमय होते. अंबरने तेथील तलावाचा बांध फोडला आणि शत्रूची छावणी पाण्या-चिखलात अडकली. दाणा संपला, लोक फुटून येऊ लागले, रात्री छापे पडू लागले. शेवटी त्याने एकदम हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला, मोगलांचा लष्करखान कैद झाला. शहाजीराजे ह्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

परंतु ह्यानंतर थोड्याच काळात शहाजीराजे निजामशाही सोडून विजापूरकरांकडे गेले. अंबरच्या कारभाराची ही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. त्याने गादीवर बसविलेला मुर्तजा स्वतःच्या बुद्धीने चालू लागला, तेव्हा १६१० च्या सुमारास त्याचा शेवट झाला आणि गादीवर दुसरे मूल आले. ह्यामागे अंबरनेच घातलेले विष होते, अशी हकीकत त्या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. ज्या विषाने त्याचा धनी गेला तेच हत्यार त्याच्याही घरात आले. राजा नावाचा, सरदार हुकमाचे ताबेदार आणि विचार करणारे डोके एकच, अशी घडी त्याने पंचवीस वर्षे चालविली. कर्तबगार माणसे त्याने जमविली, पण ठरविण्यात त्यांना फारसे घेतले नाही. कित्येक दुरावली ती त्यामुळेच, असे मला वाटते.

इ. स. १६२६ च्या मे महिन्यात, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. शेवटपर्यंत तो मोगलांच्या हाती लागला नाही. जहांगीरने त्याचा उल्लेख नेहमी शिव्याशापांसह केला. पण त्याच्या दरबारच्या इतिहासकाराने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याची कुवत मोकळेपणाने मान्य केली.

कारभार मुलाकडे, फत्तेखानाकडे आला. तो कधी कैदेत पडला, कधी सुटला, सुटल्यावर त्याने आपल्याच सुलतानाला ठार करविले, कधी मोगलांकडे झुकला तर कधी विजापूरकरांकडे. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादला वेढा घातला, तेव्हा उपासमारीने टेकीस येऊन त्याने किल्ला स्वाधीन केला. बापाच्या मृत्यूला अवघी सात वर्षे झाली होती. आणखी तीन वर्षांनी शहाजीराजांनी धरून ठेवलेली निजामशाहीची शेवटची खूणही पुसली गेली.

जमीनधाऱ्याचे मात्र तसे झाले नाही. गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांना तो माहीत होता, रयतेला पटला होता. पुढे पुणे जहागिरीची घडी बसविताना दादोजी कोंडदेवांनी मलिकंबरी पद्धतच नजरेपुढे ठेवली. आणि ज्या शहराचे नाव नंतर कितीदा तरी बदलले, त्या शहराच्या घराघरांत नहर-ए-अंबरीचे पाणी विसाव्या शतकापर्यंत येत राहिले.